मेमरामकुकच्या तीन अनाथ बहिणी – सासूबाईंच्या पणजीचा शोध (मदत हवी आहे)

मॉन्क्टनची_माई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली कारण घरात मी एकटीच मराठी आणि ज्यांचा हा इतिहास आहे त्यांना कुणालाच त्यात खोदकाम करायचा पेशन्स नाही.

आम्ही कॅनडात न्यू ब्रन्सविकला, मॉन्क्टनजवळ राहतो. नवरा अकेडियन, म्हणजे इथला मूळचा फ्रेंच. सासूबाई ऐंशीच्या आहेत आणि त्यांच्या पणजीची गोष्ट त्या दर ख्रिसमसला सांगतात. पणजी मेमरामकुकची, हे आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्याही आत. गोष्ट अशी की पणजी आणि तिच्या दोन धाकट्या बहिणी, आई धाकटीच्या बाळंतपणात गेली, बाप सॅक्सबीच्या वादळात बुडाला, मग "पोरींना विकलं", मधली लहानपणीच वारली आणि धाकटी अमेरिकेत हरवली. बस्स. एवढं बोलून झालं की सगळे पाय (pie) खायला बसतात.

मी गेल्या हिवाळ्यात चर्चची रजिस्टरं बघायला घेतली (बरीचशी ऑनलाईन फुकट आहेत, फ्रेंचमध्ये, पाद्रीबाबांचं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडवून सोडल्यात) आणि एवढं सापडलं:

आईचा दफनविधी १८६६, त्याच आठवड्यात धाकटीचा बाप्तिस्मा. हे गोष्टीशी जुळतं.

बापाचा दफनविधी फेब्रुवारी १८७०. सॅक्सबीचं वादळ आलं ४-५ ऑक्टोबर १८६९ च्या रात्री. म्हणजे बाप वादळात बुडाला नाही, नंतर चार महिन्यांनी गेला.

१८७१ च्या जनगणनेत थोरली एका घरात, मधली दुसऱ्याच घरात, दोघींची नावं त्या त्या कुटुंबाच्या यादीत सगळ्यात शेवटी. धाकटी कुठेच नाही.

थोरलीचं लग्न १८७९. पुढचं सगळं माहीत आहे कारण तीच सासूबाईंची पणजी.

खरी नावं इथे टाकत नाही, सासरकडचे लोक गूगल ट्रान्सलेट वापरतात. आडनाव लेब्लां समजा, या भागात दगड मारला तर तो लेब्लांलाच लागतो.

प्रश्न दोन. धाकटी गेली कुठे? आणि "विकलं" म्हणजे नक्की काय?

रानवारा

ताई धागा भारी पण आधी हे अकेडियन म्हणजे कोण ते सांगा ना, आमच्या डोक्यात कॅनडातले फ्रेंच म्हणजे क्युबेक, संपला विषय.

मॉन्क्टनची_माई

रानवारा, हे वाक्य इथे कुणासमोर बोलू नका, जेवायला मिळणार नाही :)

थोडक्यात सांगते. क्युबेक शहर वसलं १६०८ ला, त्याच्या आधी १६०५ मध्येच फ्रेंच लोक आताच्या नोव्हा स्कोशियात पोर्ट रॉयलला आले होते. त्या मुलखाचं नाव अकेडी. १७१३ ला तो इंग्रजांकडे गेला. हे लोक म्हणाले आम्ही शेती करतो, तुमच्या आणि फ्रान्सच्या लढाईत आम्हाला ओढू नका, राजनिष्ठेची बिनशर्त शपथ काही घेणार नाही. १७५५ मध्ये गव्हर्नर लॉरेन्सने त्यांना गावागावातून गोळा केलं, जहाजात भरलं आणि अमेरिकेच्या इंग्रजी वसाहतींत नेऊन टाकलं, घरं जाळली. पुढची सात-आठ वर्षं हेच चालू. दहा हजारांच्या वर माणसं उचलली आणि त्यातली खूप रोगराईने आणि जहाजं बुडून मेली. काही फिरत फिरत लुईझियानाला पोचले, तिथले केजन ते हेच. १७६४ नंतर इथे परत राहायची मुभा मिळाली पण जुन्या सुपीक जमिनींवर तोवर दुसरे लोक बसवले होते. मेमरामकुक हे त्या उरल्यासुरल्यांचं गाव. त्यामुळे वंशावळ हा इथल्या म्हाताऱ्यांचा जीव की प्राण आहे, कोण कुठल्या जहाजातून कुठे गेला हे तोंडपाठ. पण पाठ असतात ते सगळे पुरुष. बाया लग्नापर्यंत असतात मग धूसर होतात आणि आईबाप नसलेल्या पोरी तर विचारूच नका.

वसईची_बावखल

माई, मी वसईची, आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) जुन्या रजिस्टरांचं थोडं काम केलंय, भाषा वेगळी असली तरी कॅथलिक रजिस्टरची चौकट सगळीकडे एकच असते. तीन गोष्टी बघा.

एक, बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममाता-धर्मपिता लिहिलेले असतात. अनाथ पोरगी शोधायची तर बापाचं नाव धरून बसू नका, गॉडमदरचं घर शोधा. आई बाळंतपणात गेली म्हणजे त्या बाळाला कुणीतरी पाजलं असणार, चार वर्षं थांबून कुणी नेलं नसणार. थोरल्या दोघी बाप गेल्यावर वाटल्या गेल्या पण धाकटी बहुतेक आई गेली त्याच आठवड्यात दुसऱ्या घरी गेली. ज्या बाईचं स्वतःचं पोर तान्हं होतं तिच्याकडे.

दोन, थोरलीच्या लग्नाच्या नोंदीत "फी मिन्यर द फ अमुक ए द फ तमुक" असं काही आहे का? म्हणजे कैलासवासी अमुक आणि कैलासवासी तमुक यांची अल्पवयीन मुलगी. एकवीसच्या आत असेल तर परवानगी कुणी दिली हे बघा, पालक कोण ते कळेल.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, डिस्पेन्सेशन. त्या काळी चौथ्या पिढीपर्यंतचं नातं असेल तर चर्चची सूट घेतल्याशिवाय लग्न लागत नसे. सख्खी चुलत-मावस भावंडं म्हणजे दुसरी पायरी, त्यांची मुलं तिसरी, त्यांची मुलं चौथी. लहान गावात सगळेच एकमेकांचे कुणीतरी, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक लग्नात सूट. नोंदीत "तिसऱ्या आणि चौथ्या पायरीची" असं असेल तर नवरा-नवरीचे पूर्वज कुठे जुळतात ते गणित मांडता येतं.

मॉन्क्टनची_माई

बावखलताई तुमच्या पायाचा फोटो पाठवा, देव्हाऱ्यात ठेवते. लग्नाच्या नोंदीत अगदी हेच आहे, अल्पवयीन, कैलासवासी वगैरे, आणि सूट तिसऱ्या-चौथ्या पायरीची. मी ते वाक्य पाद्रीबाबांचं नेहमीचं पाल्हाळ समजून पुढे जात होते. गॉडमदर आता बघते.

पेणचा_पोपट

सॅक्सबी वादळाबद्दल वाचलं आत्ता. भन्नाट प्रकार आहे, सॅक्सबी नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने जवळपास वर्षभर आधी पेपरात लिहून ठेवलं होतं की ५ ऑक्टोबर १८६९ ला चंद्र अशा जागी येणार की भरती जबरदस्त चढेल. नेमकं तेव्हाच वादळ फंडीच्या उपसागरात घुसलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या भरती-ओहोटीचा तो उपसागर, त्यात पाणी नेहमीपेक्षा दोनेक मीटर जास्त चढलं.

आता मुद्दा. ताई तुमच्या अकेडियन लोकांची शेती म्हणजे थेट आमची खारबंदिस्ती हो. खाडीला मातीचा बांध, बांधाच्या पोटात लाकडी नळ आणि त्याला झडप, ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर जातं आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप बंद. आमच्याकडे उघाडी म्हणतात, ते लोक आब्वातो म्हणतात. आणि बांध फुटून खारं पाणी आत आलं की काय होतं हे पेणच्या माणसाला विचारा. त्या वर्षीचं पीक जातंच पण जमीनही दोन-तीन पावसाळे तरी कामातून जाते, मीठ धुवून निघेपर्यंत. तिकडे त्या रात्री गुरं बुडाली, कुरणात रचलेल्या गवताच्या गंजी वाहून गेल्या. म्हणजे ऑक्टोबरात, हिवाळ्याच्या तोंडावर, जी गुरं वाचली त्यांना चारा नाही.

म्हणून म्हणतो बाप फेब्रुवारीत गेला तरी वादळानेच गेला असेल की. सासूबाईंची गोष्ट इतकी पण खोटी नाही.

शंकासूर

पोपटराव इतकं पुढे उडू नका. दफनाच्या नोंदीत कारण दिलंय का? बाप क्षयाने गेला असेल, झाड अंगावर पडून गेला असेल. वादळ झालं, बाप मेला, चार महिन्यांचं अंतर गाळून गोष्ट सांगणाऱ्याने दोन्ही जोडलं, कौटुंबिक गोष्टींत हे नेहमी होतं.

मॉन्क्टनची_माई

कारण नाही दिलेलं. नुसतं "वय सुमारे अडतीस" आणि दोन साक्षीदार. न्यू ब्रन्सविकमध्ये सरकारी मृत्यूनोंद १८८८ पासून सुरू झाली त्यामुळे त्या बाजूनेही रस्ता बंद. पण पोपटदादांचं गवताचं मला पटलंय. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या गवत बुडालं म्हणजे माणूस बुडाला, आमच्याकडे दोन्हीला एकच समजत.

वाटसरू

"विकलं" बद्दल. हे शब्दशः खरं असू शकतं, दचकू नका. नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकमध्ये एकोणिसाव्या शतकात जुना इंग्रजी गरीब-कायदा चालायचा. प्रत्येक पॅरिशवर (इथे सरकारी विभाग) आपापल्या निराधारांची जबाबदारी. मोठ्या गावात पूअरहाऊस म्हणजे निराधारांना ठेवायचं घर, लहान गावात त्याचा खर्च परवडत नसे म्हणून कित्येक ठिकाणी वर्षातून एकदा लिलाव. निराधार माणसाला उभं करायचं आणि त्याला वर्षभर सांभाळायला जो सगळ्यात कमी पैसे मागेल त्याच्याकडे द्यायचं. पैसे पॅरिश देणार, वर काम करून घ्यायची मोकळीक. म्हणजे उलटा लिलाव, बोली खाली खाली जाणार. म्हातारे, वेडसर, विधवा, पोरं, सगळे. ओरड व्हायला लागली ती १८८० च्या दशकात, तरी काही भागात त्यानंतरही चालूच होतं.

रानवारा

बाप रे. कमी बोली लावणाऱ्याला माणूस. म्हणजे जो कमीत कमी खायला घालणार त्यालाच मिळणार.

शंकासूर

वाटसरूंचं म्हणणं बरोबर आहे पण या पोरींचं तसं झालं याला पुरावा काय? नातेवाईक असताना पॅरिश मध्ये पडत नसे. आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या गावात नातेवाईक नाही असं घर दाखवा.

वाटसरू

पुरावा मिळू शकतो. गरिबांच्या देखरेखीसाठी नेमलेले ओव्हरसीअर असायचे, त्यांचे हिशेब काउंटीकडे जायचे. कुणाला कुणाच्या सांभाळाचे किती दिले ते नावानिशी. माई, फ्रेडरिक्टनच्या प्रांतिक आर्काईव्हजमध्ये विचारा. आणि एक खाचखळगा, सरकारी पॅरिश आणि चर्चची पॅरिश वेगळी. मेमरामकुक तेव्हा सरकारदरबारी डॉर्चेस्टर पॅरिशमध्ये, वेस्टमोरलँड काउंटी. मेमरामकुक नावाने शोधलं तर काही मिळणार नाही.

मॉन्क्टनची_माई

अपडेट. मिळाली!! म्हणजे लहानपणची मिळाली.

गॉडमदरचं नाव घेऊन १८७१ ची जनगणना पानापानाने वाचली (सर्चमध्ये काही येत नाही, मोजणारा इंग्रज, त्याने फ्रेंच नावांची पार भेळ करून टाकलीय). गॉडमदरच्या घरात पाच वर्षांच्या दोन मुली आहेत, दोघींना गॉडफादरचंच आडनाव. गॉडमदरच्या स्वतःच्या मुलांचे बाप्तिस्मे तपासले तर त्या वयाची एकच मुलगी, १८६५ च्या डिसेंबरातली. दुसरीचा बाप्तिस्मा त्या नावाने नाहीच. आणि त्या दुसरीचं नाव आमच्या धाकटीचंच.

बावखलताई, तान्ह्या बाळाची आई म्हणालात ना. सहा महिन्यांचं पोर होतं तिच्या मांडीवर.

वसईची_बावखल

माई अंगावर काटा आला. आता १८८१ बघू नका लगेच, म्हणजे बघा पण त्यात घरातल्या कर्त्याशी नातं काय हा रकानाच नाही, तो १८९१ ला आला. आडनावावरूनच ओळखायला लागेल आणि हिचं तर आडनावच बदललंय.

मॉन्क्टनची_माई

१८८१ मध्ये धाकटी त्याच घरात आहे, नंतर गायब. पण मधलीबद्दल सांगायचं राहिलं, ती लहानपणी वारलेली नाही. दफनाच्या रजिस्टरमध्ये कुठेच नाही म्हणून मला शंका होतीच. १८८१ च्या यादीत सेंट जोसेफ कॉलेजच्या पानावर कामाला असलेल्या बायकांत तिचं नाव आहे, वय जुळतं. हे कॉलेज मेमरामकुकला फादर कामिय लफेव्र यांनी १८६४ मध्ये काढलं, अकेडियन मुलांना फ्रेंचमधून उच्च शिक्षण मिळायला लागलं ते इथे. अर्थात मुलांना, म्हणजे मुलग्यांना. मुली स्वयंपाकघरात.

जर्द_आलू

थांबा थांबा, कॉलेज, स्वयंपाकघर, १८८१, मेमरामकुक? मग ती नन झाली असणार! मारी-लेओनी पाराडी, ज्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिसने संत घोषित केलं, त्या १८७४ ला याच कॉलेजात घरकाम बघणाऱ्या बायकांच्या प्रमुख म्हणून आल्या. गावातल्या गरीब मुली त्यांच्या हाताखाली शिवण-स्वयंपाक करायच्या, त्यातूनच १८८० मध्ये पवित्र कुटुंबाच्या लहान बहिणी हा संघ निघाला. कामच ते, पाद्र्यांच्या कॉलेजांचं घर सांभाळणं. १८९५ ला मुख्यालय क्युबेकात शेरब्रुकला गेलं. ननचं नाव बदलतं त्यामुळे तुमच्या वंशावळीतून ती उडाली. संघाला पत्र लिहा, घरचं नाव आणि गाव दिलं तर अशा संस्था बहुतेक वेळा शोधून देतात.

दुसरं, मी बॉस्टनजवळ राहतो. मेमरामकुकहून आलेले खूप लोक इकडे मॅसेच्युसेट्सला गिरण्यांत आणि कारखान्यांत लागले, आणि इथे आल्यावर लेब्लां झाले व्हाइट, पोरिये झाले पेरी, रुआ झाले किंग. या राज्यात जन्म-लग्न-मृत्यूच्या सरकारी नोंदी १८४१ पासून आहेत आणि लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आईबापांची नावं असतात. गॉडफादरचं आडनाव मला खाजगी निरोपात पाठवा, इंग्रजीत त्याचं काय झालं असेल ते बघून शोधतो.

शंकासूर

नन झाली "असणार"? स्वयंपाकघरात कामाला होती एवढंच सिद्ध झालंय.

जर्द_आलू

शंकासूर भाऊ, म्हणून तर पत्र लिहा म्हटलं.

मॉन्क्टनची_माई

अपडेट दोन. शेरब्रुकहून उत्तर आलं, इतकं सुंदर हाताने लिहिलेलं पत्र की मी आधी पाकीटच बघत बसले. ती मधलीच. घरचं नाव, आईबापांची नावं, जन्मगाव सगळं जुळतं. जन्मभर वेगवेगळ्या कॉलेजांच्या स्वयंपाकघरात, शेवटची वर्षं मुख्यालयात शिवणकामाला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गेली. सोबत एक झेरॉक्स, संघात येताना आणलेल्या सामानाची यादी. दोन लोकरीचे झगे, चार जोडी मोजे, एक उशीचा अभ्रा आणि "बहिणीचा" असं लिहून एक काळा रुमाल. कुठल्या बहिणीचा ते नाही.

सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, जिवंत होती तर आम्हाला मेली असं का सांगितलं?

वसईची_बावखल

घरी भेटायला यायची परवानगी फार क्वचित असायची त्या काळी. आणि मुख्यालय शेरब्रुकला गेल्यावर अंतर बघा ना. थोरलीच्या मुलांनी मावशीला कधी पाहिलंच नसेल, त्यांच्या मुलांना मग ती मेलेलीच.

जर्द_आलू

माई, मिळालं बहुतेक. १८९० चं लग्न, वॉल्थम गाव, नवरी घड्याळाच्या कारखान्यात कामाला, वय चोवीस, जन्म न्यू ब्रन्सविक. नाव तुमच्या धाकटीचं इंग्रजी रूप. आडनाव गॉडफादरचं, इंग्रजी करून. आणि आईबाप या रकान्यात गॉडमदर आणि गॉडफादर.

रानवारा

म्हणजे तिने खऱ्या आईबापांची नावं लिहिलीच नाहीत?

मॉन्क्टनची_माई

लिहिली की रानवारा. तिच्या दृष्टीने तीच खरी. आई तिने बघितलीच नाही, आणि बाप एकाच गावात राहून दुसऱ्या घरातला माणूस. न्यू ब्रन्सविकला दत्तकविधानाचा कायदा १८७३ चा आहे, तोपर्यंत ही सात वर्षांची. कागदोपत्री काही केलं असेल असं वाटत नाही, नुसतं वाढवलं.

शंकासूर

नियमाप्रमाणे बोलतो. त्या घरात सख्खी मुलगीही होती, जवळजवळ त्याच वयाची. वॉल्थमची नवरी ती नाही कशावरून? मोजणाऱ्याने नावांची अदलाबदल केली असेल.

मॉन्क्टनची_माई

चांगला प्रश्न. सख्ख्या मुलीचं लग्न इथेच मेमरामकुकला १८८७ मध्ये झालंय, ती पुढे कुठे गेली नाही, तिची पतवंडं आमच्या सुपरमार्केटात भेटतात. त्यामुळे ती बाद. तरी वॉल्थमला थोरलीचं एखादं पत्र किंवा धाकटीच्या मृत्यूची बातमी मिळेपर्यंत मी वंशावळीत "बहुधा" असंच लिहिणार.

निवृत्त_तलाठी

उशिरा आलो. सगळं वाचलं. पोरींचं ठीक आहे, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. बापाची जमीन कुठे गेली?

मॉन्क्टनची_माई

काका, इथे जमिनीचं प्रकरण मुळातच किचकट आहे. मेमरामकुकच्या बऱ्याच जमिनीवर देबार नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा दावा होता, म्हणजे अकेडियन लोकांनी बांध घालून कसलेल्या जमिनीवर कूळ म्हणून राहायचं. हा गृहस्थ वयाची शंभरी ओलांडून १८२४ ला गेला, तोपर्यंत त्याने आणि नंतर त्याच्या वारसांनीही लोकांना छळलं. पण सासूबाईंच्या बाजूच्या लोकांकडे पुढे स्वतःची जमीन होती असं ऐकलंय.

निवृत्त_तलाठी

मग शोधा. तीन अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुली वारस. अज्ञानाची जमीन कुणालाही अशीच विकता येत नाही, प्रोबेट कोर्टाने (मयताच्या मालमत्तेचं बघणाऱ्या) पालक नेमला पाहिजे आणि विक्रीला परवानगी दिली पाहिजे. परवानगी असेल तर कागद असणार, कागद नसेल तर तेही बोलतं. वेस्टमोरलँड काउंटीच्या खरेदीखतांची सूची काढा, विकणारे वेगळे आणि घेणारे वेगळे अशा दोन असतात. बापाचं नाव विकणाऱ्यात १८७० नंतर नसणार, पालकाचं बघा. "विकलं" हा शब्द घरात कुठून आला असेल ते कदाचित तिथे कळेल. पोरी विकल्या की पोरींचं काही विकलं.

वाटसरू

काका, सलाम. मी लिलावात अडकून बसलो होतो.

मॉन्क्टनची_माई

अपडेट तीन. मॉन्क्टन विद्यापीठाच्या अकेडियन अभ्यास केंद्रात मायक्रोफिल्म बघत बसले होते, तलाठीकाकांनी सांगितलेली सूची हातात. १८७२ चं खरेदीखत आहे. बांधाच्या आतली कुरणाची जमीन आणि वरच्या अंगाचं घर. विकणारा पालक म्हणून बापाचा सख्खा भाऊ. घेणारा त्या भावाचाच मेहुणा. आणि त्याच भावाच्या घरात १८७१ ला थोरली राहत होती. पॅरिशच्या हिशेबात तिन्ही पोरींपैकी कुणाचंच नाव नाही, त्यामुळे लिलाव तरी झाला नसावा. प्रोबेटचा परवाना अजून मिळालेला नाही, तो फ्रेडरिक्टनला मागवलाय.

पंचाईत अशी की तो मेहुणा म्हणजे सासूबाईंच्या आतेभावाचा खापरपणजोबा आणि ती जमीन, तेच कुरण, आजही त्या घराकडे आहे. १५ ऑगस्टला इथे सगळे जमतात (हो, यांचाही राष्ट्रीय दिवस तोच, १८८१ ला मेमरामकुकच्याच अधिवेशनात ठरला), भांडी बडवत मिरवणूक काढतात आणि नंतर जेवण त्याच आतेभावाच्या अंगणात असतं. सासूबाईंनी खरेदीखताचा फोटो मोठा करून दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, हे फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही, जेवण होऊ दे, मग मी बघते त्याच्याकडे.

निवृत्त_तलाठी

परवाना आला की इथे टाका. तारीख खरेदीखताच्या आधीची आहे की नंतरची ते आधी बघा.